जाऊबाईंची पट्टी

आमच्या जाऊबाईंचं खरं नाव धक्क्यावर कुणाला आठवत असेल असं मला वाटत नाही. पाठीमागे सगळे त्यांना 'पट्टी' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. मी त्यांची धाकटी जाऊ. धक्क्याच्या कोपऱ्यावर माझं दुकान आहे, दोर, दोरा, शिशाचे गोळे, जाळ्याला लावायचे तरंगते गोळे असलं सगळं मी विकते. जाऊबाईंबद्दल मी बोलायला लागले की तिखटमीठ लावून बोलते, असं घरात म्हणतात. म्हणोत बापडे. इतकी वर्षं शेजारी राहून जिनं ऐकून घेतलंय, तिला थोडं बोलायचाही हक्क असतो.

जाऊबाई जाळी विणतात. लिलावाच्या शेडमागे एक लांबलचक खोली आहे, तिच्या भिंतीत एका बाजूनं आकडे ठोकलेत आणि दुसऱ्या बाजूनं उंच खिडक्या आहेत. आकड्याला जाळं अडकवायचं, स्टुलावर बसायचं, आणि खिडकीतून येणारा उजेड खांद्यावरून हातावर पडेल असं बघायचं. खोलीला डिझेलचा, मिठाचा आणि ओल्या दोऱ्याचा वास आहे. मला तो वास अजून सोसत नाही. जाऊबाई मात्र घरी आल्या की म्हणतात, "इथं कसला गं वास येतोय?" आणि तो माझ्या साबणाचा असतो.

पट्टीचं सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जाळ्यातल्या एका भोकाला आमच्याकडे आस म्हणतात. पट्टीभोवती दोरा फिरवायचा, सुईनं गाठ मारायची, पट्टी ओढून घ्यायची, की एक आस तयार. पट्टी जेवढी रुंद तेवढा आस मोठा. जाऊबाईंची पट्टी काळ्या, जड लाकडाची, वीतभर लांब. ती आमच्या सासूबाईंची. सासूबाईंनी हात थकल्यावर थोरल्या सुनेला पट्टी दिली आणि मला चहाची किटली. किटलीला पुढच्याच वर्षी भोक पडलं. पट्टी चालूच राहिली. हाताळून हाताळून ती आरशासारखी गुळगुळीत झाली होती, आणि मध्यभागी जराशी बारीक, कमरेसारखी. मी एकदा म्हटलंही होतं, "जाऊबाई, तुमची कमर गेली ती या पट्टीला मिळाली बघा." त्या हसल्या नाहीत. पट्टीची चेष्टा त्यांना खपत नसे.

त्यालाही कारण होतं. धक्क्यावर जो नियम आहे, तो या पट्टीवरून आलेला आहे.

तो काळ मला चांगला आठवतो. मासळी कमी कमी होत चालली होती. बोटी लांब जायच्या, जास्त डिझेल जाळायच्या आणि टोपल्यांत बोटभर लांबीची पिल्लं घेऊन यायच्या. ती पिल्लं कुणी खायचं नाही, कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्यात जायची. मग सरकारी खात्याची माणसं आली. लिलावाच्या शेडमध्ये सभा झाली. ते म्हणाले, खाडीच्या तोंडाशी जिथं समुद्रातलं गवत वाढतं आणि मासे अंडी घालतात, तिथं पिवळी तरंगती पिंपं बांधू, त्यांच्या आत कुणी जाळं टाकायचं नाही. अंड्यांच्या महिन्यांत बोटी बंद. आणि जाळ्याच्या शेवटी मासे जमा होतात ती जी पिशवी, जिला आम्ही खोळ म्हणतो, तिचा आस एका मापापेक्षा लहान चालणार नाही, म्हणजे पिल्लं सुटून जातील.

पहिल्या दोन गोष्टींवर लोक कुरकुरले, आसावर मात्र भडकले. "समुद्र काय यांच्या बापाचा आहे?" इथपासून सुरुवात झाली. साहेबांच्या कागदावर माप होतं, पण ते आमच्यातल्या कुणाच्या हातातलं नव्हतं, म्हणून ते कुणाला पटेना. तेव्हा जाऊबाई उठल्या. बायका मागच्या बाजूला उभ्या होत्या, तिथून त्या चालत पुढे गेल्या आणि साहेबांच्या टेबलावर पट्टी ठेवली.

"ही माझ्या सासूची," त्या म्हणाल्या. "हिच्यावर विणलेल्या खोळीतून पिल्लं सुटायची आणि तरीही आमच्या घरात चूल पेटायची. तुमचा कागद मला कळत नाही. या मापाचा नियम करा, मी मान्य करते. आणि जे नाही म्हणतील त्यांनी आपली जाळी दुसरीकडे विणून घ्यावीत."

दुसरीकडे म्हणजे कुठं? अख्ख्या धक्क्याच्या खोळी त्याच विणायच्या. साहेबांनी पट्टी मोजली, कागद बघितला, दोन्हीत फारसं अंतर नव्हतं, आणि तेच माप भिंतीवरच्या फलकावर आलं. त्या दिवसापासून जाऊबाईंच्या नाकावर माशी बसेना. कुणाच्या टोपलीत पिल्लं दिसली की त्या लिलाव थांबवायच्या. "ही कुणाची? लाज वाटत नाही?" एरवी कुणालाही न जुमानणारे दाढीवाले नाखवे जाऊबाई दिसल्या की टोपलीवर गोणपाट टाकायचे.

आमच्या घरातही त्यापायी वाकडं आलं. आमच्या ह्यांची स्वतःची बोट आहे. त्यांनी एका वाईट वर्षी वहिनीला गुपचूप विचारलं, की खोळ जरा बारीक विणून द्याल का, एकाच हंगामापुरती. वहिनीनं जे ऐकवलं ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. ह्यांनी मग बाहेरून बारीक खोळ आणली, खात्याच्या माणसानं ती पकडली, आणि ह्यांच्या डोक्यात बसलं की वहिनीनंच सांगितलं. जाऊबाईंनी सांगितलं नव्हतं. पण हे डोकं म्हणजे, एकदा काही आत गेलं की बाहेर यायचा रस्ताच नाही. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. भावाच्या बायकोशी अबोला धरून एका अंगणात राहणं म्हणजे काय, ते मला विचारा. दोघं समोरासमोर बसलेले असायचे आणि हे मला सांगायचे, "वहिनींना म्हणावं, खोळ फाटलीये." वहिनी मला म्हणायच्या, "भाऊजींना म्हणावं, ठेवून जा." मी मधल्या मध्ये चहा पीत बसायची. मोठे दीर वारले तेव्हाही दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, नुसते शेजारी बसून रडले.

असं सगळं चाललं होतं, आणि जाऊबाईंच्या शब्दावर धक्का चालत होता. हळूहळू मासे मोठे दिसायला लागले. फार नाही, पण दिसायला लागले. जाऊबाई त्यांच्याकडे असं बघायच्या, जणू त्यांनीच वाढवलेत.

मग खात्यात एक नवीन मॅडम आल्या. वयानं लहान, आवाज हळू, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. त्यांच्याजवळ मापाची पोलादी पट्टी असायची, पाचरीसारखी निमुळती, तिच्यावर रेघा. ओल्या जाळ्याच्या आसात ती घालायची आणि जिथं अडेल तिथली रेघ वाचायची. त्यांनी पहिल्यांदा जी बोट तपासली ती नेमकी जाऊबाईंच्या मुलाची.

मी दुकानाच्या दारात उभी होते. मुलगा हसत होता, कारण त्याच्या बोटीची तपासणी म्हणजे नुसता उपचार, हे सगळ्यांना ठाऊक. मॅडमनी एक आस मोजला. दुसरा मोजला. मग खोळीच्या चारी बाजूंनी मोजत गेल्या. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचाच चेहरा पडला होता.

"काकू," त्या जाऊबाईंना म्हणाल्या, "आस लहान आहे."

"कुणाचा?" जाऊबाईंनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"या खोळीचा. सगळीकडे सारखाच लहान आहे. नियमात बसत नाही."

जाऊबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मुली, तो नियम कुठून आला ते ठाऊक आहे का तुला? नायलॉन पाण्यात आकसतं. आधी ते शीक."

"आकसतं ते धरूनच माप ठरवलंय, काकू. म्हणून तर ओलं मोजतो." मॅडम आवाज न चढवता बोलत होत्या, हे जास्त लागत होतं. त्यांनी खोळीला शिक्का मारलेली तार बांधली आणि सांगितलं, की परवा सकाळी लिलावाच्या शेडमध्ये सुनावणी होईल, ज्याला जे म्हणायचं ते म्हणा. नियम मोडल्याचं ठरलं, तर हंगाम संपेपर्यंत बोट बांधून ठेवावी लागेल.

मुलाचा चेहरा मला अजून दिसतो. तो मॅडमकडे नाही, आईकडे बघत होता.

तासाभरात धक्का पेटला. आणि गंमत बघा, ज्यांनी ज्यांनी जाऊबाईंच्या शिव्या खाल्ल्या होत्या तेच सगळ्यांत मोठ्यानं त्यांच्या बाजूनं ओरडत होते. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही भोंगा म्हणतो, ते संध्याकाळी जाऊबाईंच्या खोलीत आले. मी तिथंच होते. दोऱ्याची गुंडाळी द्यायला गेले होते, आणि खरं सांगायचं तर ऐकायलाही.

"वहिनी, तुम्ही काही काळजी करू नका," भोंगा म्हणाला. "परवा तुम्ही फक्त पट्टी टेबलावर ठेवायची. मागं ठेवली होतीत तशी. म्हणायचं, नियम हिच्यावरून झाला, ही खोटी असेल तर नियमच खोटा. बस्स. बाकी मी बघतो. आसाची भानगडच कायमची मिटते बघा."

"मिटते म्हणजे?" जाऊबाईंनी विचारलं.

"म्हणजे मग ज्यानं त्यानं आपापल्या मनाचं माप धरावं. तुमच्या मुलाची बोट सुटली आणि आमचीही डोकेदुखी सुटली."

जाऊबाईंनी त्याला दार दाखवलं नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. त्या नुसतं म्हणाल्या, "पट्टी खोटी नाही." भोंगा खूश होऊन गेला. पण त्यांनी ते त्याला होकार म्हणून सांगितलं नव्हतं. त्या स्वतःला सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्या दुकानात आल्या. दुकानाच्या छताला एक जुन्या खोळीचा तुकडा टांगलेला आहे, त्यात मी तरंगते गोळे भरून ठेवते. नियम झाला त्या वर्षी जाऊबाईंनी विणलेल्या पहिल्या खोळीतून उरलेला तो तुकडा. पाण्यात कधी गेलाच नाही.

"काढ तो खाली," त्या म्हणाल्या. "हा नेते उद्या. हा नियमाच्या वर्षीचा. त्या पोरीला म्हणते, यात घाल तुझी पोलादी पट्टी, आणि मग बघ खोटं कोण ते."

मी स्टुलावर चढले, गोळे टोपलीत ओतले, तुकडा काढून दिला. त्यांनी तो काउंटरवर पसरला आणि कमरेला खोचलेली पट्टी काढली. एका आसात घातली. घट्ट बसायला हवी होती. पट्टी आसात खुळखुळली.

त्यांनी दुसऱ्या आसात घातली. तिथंही तेच. मला वाटलं, तुकडा सैल झाला असेल, तसं मी म्हटलंही. त्यांनी पट्टी थोडी पुढे ढकलली, अगदी टोकापर्यंत, जिथं दोरा कधीच फिरत नाही. तिथं ती आसात घट्ट अडकली. मागे ओढली, मधल्या कमरेपाशी आणली, की पुन्हा सैल. पुढे घट्ट, मागे सैल. त्या तसं कितीदा करत बसल्या. मग त्यांनी पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला, टोकापासून मध्यापर्यंत, आणि अंगठा तिथंच थांबला.

सासूबाई सुती दोऱ्यानं विणायच्या. मऊ दोरा, लाकडाला काही करायचा नाही. नायलॉनचा दोरा कडक, त्यात वाळूचे कण बसलेले, तो दर आसाला लाकडावरून घासत गेला. आज नाही कळलं, उद्या नाही कळलं. दोन्ही कडांनी पट्टी झिजत गेली, आणि दोरा तिला वेढा घालून फिरतो म्हणून आसात ती झीज दुप्पट उतरली. मी जिची कमर म्हणून चेष्टा केली, ती झीज होती. रोज हातात असलेल्या वस्तूला कोण मोजतं? आपण तिच्यानं बाकीच्यांना मोजतो.

"धाकटे," जाऊबाई म्हणाल्या, "दार लाव."

मी दार लावलं. त्या माझ्या खुर्चीवर बसल्या आणि रडल्या. जाऊबाईंना रडताना मी दोनदा पाहिलंय, त्यातलं एक मोठे दीर गेले तेव्हा. "मी लोकांच्या टोपल्या उपसल्या गं," त्या म्हणत होत्या. "भर लिलावात उपसल्या. आणि माझ्याच खोळीत पिल्लं अडकत होती. माझ्याच हातची."

मी साधी बाई आहे, मी जे सुचलं ते बोलले. "कुणाला कळणार आहे? हा तुकडा मी जाळून टाकते. तुम्ही उद्या पट्टी टेबलावर ठेवा आणि गप्प उभ्या राहा. पोराच्या बोटीचं बघा आधी. नंतर गुपचूप नवी पट्टी करा, पुढच्या खोळी बरोबर विणा. झालं."

"आणि नियम?"

"नियमाचं भोंगा बघेल."

"तेच तर," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी तोंड पुसलं, तुकड्याची घडी घातली आणि काखेत धरली. मला जाळूही दिला नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी मुलाला बोलावून पट्टी दाखवली. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, "आई, बोट बांधली जाईल. हंगाम निम्मासुद्धा झाला नाही."

"ठाऊक आहे."

"मी दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जाऊ? या वयात?"

"जावं लागेल रे," जाऊबाई म्हणाल्या. "मला तुला पाठवायला फार वाईट वाटतंय. पण उद्या मी खोटं बोलले, तर त्या पिवळ्या पिंपांच्या आतही लोक जाळं टाकतील. एक सुटलं की सगळंच सुटतं. मग तुझ्या पोरानं समुद्रातून काय काढायचं? पाणी?"

तो उठून गेला. दार आपटलं नाही, नुसतं ओढून घेतलं. मला त्या मुलाचा तेव्हा फार अभिमान वाटला, आणि जाऊबाईंचा राग आला. दोन्ही एकदम.

सुनावणीला अख्खा धक्का जमला. भोंग्यानं सगळ्यांना पुढे बसवलं, टाळ्या कधी वाजवायच्या तेही सांगितलं असावं. आमचे हे शेवटच्या खांबाला टेकून उभे होते. मॅडम टेबलामागे, रबरी बुटांतच. भोंग्याचं भाषण झालं, त्यात समुद्र, आई, परंपरा आणि परदेशी पोलाद असं सगळं येऊन गेलं. मग त्यानं हात पसरून जाऊबाईंना पुढे बोलावलं.

जाऊबाईंनी टेबलावर पट्टी ठेवली. टाळ्या सुरू झाल्या. त्यांनी पट्टीशेजारी जुना तुकडा पसरला आणि टाळ्या थांबेपर्यंत वाट पाहिली.

"मॅडम, तुमची पट्टी यात घाला," त्या म्हणाल्या.

मॅडमनी घातली. "बरोबर आहे. नियमाप्रमाणे."

"आता माझी घाला. मधून."

मॅडमनी ती घातली, आणि हलवून पाहिली. त्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं पण तोंड उघडलं नाही. हे मला आवडलं. त्यांनी ते जाऊबाईंनाच बोलू दिलं.

"झिजलीय," जाऊबाई लोकांकडे वळून म्हणाल्या. "कधीपासून ते मला ठाऊक नाही. मी बघितलं नाही. नियम बरोबर आहे, मॅडमचं माप बरोबर आहे, माझं चुकलं. तुमच्या सगळ्यांच्या खोळी माझ्या हातच्या आहेत, त्यातल्या बऱ्याच लहान असतील. तुम्हाला मी इतकं बोलले, ते मला बोलायला तोंड नव्हतं. आणा सगळ्या, मी पुन्हा विणून देते."

मग भोंग्याला वाचा फुटली. "म्हणजे इतकी वर्षं आम्हाला शिकवत होतात ते?"

"हो," जाऊबाई म्हणाल्या.

एवढ्यावर भांडण काय करणार? लोक बडबडत उठले. काही जण फार वाईट बोलले, ते मी इथं सांगणार नाही. एकानं जाताना पायरीवर थुंकून दाखवलं. मॅडमनी निकाल दिला तो नियमाप्रमाणेच, मुलाची बोट हंगाम संपेपर्यंत बांधलेली. बाकीच्यांना खोळी बदलेपर्यंत मुदत. मॅडम नंतर माझ्या दुकानात आल्या, नुसत्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला कसंही करून सोडता आलं असतं तर सोडलं असतं हो." मी त्यांना चहा दिला.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई खोलीत जाऊन स्टुलावर बसल्या. समोर रिकामे आकडे. लोक येतात की नाही, का शहरातून यंत्रावरची जाळी आणतात, हे कुणालाच माहीत नव्हतं. मॅडमनी विणण्यापुरती सरळ कडांची एक पोलादी पट्टी दिली होती, ती त्यांच्या हातात बसत नव्हती, सारखी घसरत होती. मी काहीतरी निमित्त काढून त्यांच्याजवळ बसले.

दारात आमचे हे आले. खांद्यावर स्वतःच्या बोटीची खोळ. ती त्यांनी आकड्याला अडकवली, दोन्ही हात झटकले, आणि सवयीनं माझ्याकडे बघितलं. मीही सवयीनं कान टवकारले. पण निरोप काही आला नाही. ते तसेच वळून निघून गेले. त्यांच्यामागून दुपारपर्यंत आणखी दोघे आले, मग संध्याकाळी एक नाखवा, ज्याची टोपली जाऊबाईंनी भर लिलावात उलटी केली होती. तो म्हणाला, "आता तरी बारीक विणू नका." आणि हसला. जाऊबाईही हसल्या, थोडंसं.

त्या दिवसांत आमचे हे बोटीवरून आले की घराच्या मागच्या बाजूला काहीतरी तासत बसायचे. विचारलं तर "काही नाही" म्हणायचे. जुन्या बोटीचं एक तुटकं वल्हं होतं, सासऱ्यांच्या वेळचं, लोखंडासारखं लाकूड. ते हळूहळू आखूड होत चाललं होतं. मला वाटलं, कुठल्यातरी कुऱ्हाडीचा दांडा करत असतील. या माणसाचा ताकास तूर लागू द्यायचा स्वभावच नाही.

आकड्यांवर खोळी दाटल्या होत्या तेव्हाची गोष्ट. जाऊबाईंची बोटं त्या पोलादी पट्टीनं सोलवटली होती, चिंध्या गुंडाळून त्या विणत होत्या. मुलगा दुसऱ्याच्या बोटीवरून नुकताच आला होता आणि आईच्या पायाशी बसून सुईत दोरा भरत होता. हे आत आले. खिशातून एक पट्टी काढली आणि वहिनीच्या मांडीवर ठेवली. वीतभर लांब, काळी, कडा घासून घासून गोल केलेल्या.

जाऊबाईंनी ती उचलली, पण विणायला घेतली नाही. आधी उठल्या, आकड्यावरचा जुना तुकडा काढला आणि पट्टी त्यात घालून पाहिली. टोकाकडून, मग मधून. ती बसेना. एका हातानं आस ताणून त्यांनी पुन्हा पाहिलं.

"धाकटे," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "भाऊजींना म्हणावं, पट्टी जराशी मोठी झालीय."

मी तोंड उघडलं होतं. पण ह्यांनी मला हातानं थांबवलं.

"मुद्दामच मोठी केलीय, वहिनी," ते म्हणाले. "झिजेल ना."